लाल लेबलची यामाहा एफजी-१८० : ठाणे-नवी मुंबईत कुणाकडे आहे का?

नौपाडेकर
शनिवार, ६ जून, रात्री १०:४२

मंडळी, आधी गोष्ट, मग प्रश्न.

माझा मामा बोटीवर होता. १९६९ साली जपानहून परतताना त्याने एक गिटार आणली. नौपाड्यात आजोळी दोनच खोल्या, त्यामुळे तिची जागा कपाटावर, गाद्यांच्या वळकटीशेजारी. मामा सुट्टीवर आला की ती खाली उतरायची. तो परत बोटीवर गेला की आम्ही पोरं आजीचा डोळा चुकवून स्टुलावर चढायचो. भोकात बॅटरी मारली की आत लाल कागद दिसायचा. त्यावर 'निप्पॉन गक्की' आणि खाली एफजी-१८०. गक्की हे ती बनवणाऱ्या माणसाचं नाव, अशी माझी दहावीपर्यंत समजूत होती. भोकाच्या खालच्या काठाचं पॉलिश मामाच्या नखांनी पार उडवलं होतं, तिथलं लाकूड वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखं हाताला लागायचं.

१९९१ ला वाडा पाडला, इमारत उभी राहिली, सामानाची पांगापांग झाली. गिटार "कुणाला तरी दिली" एवढंच घरात ऐकलं. मामाही आता नाही.

मी यंदा बँकेतून बाहेर पडलो. वेळ आहे, थोडे पैसे आहेत. राम मारुती रोडपासून वाशीपर्यंत दुकानं पालथी घातली. सगळीकडे यामाहाचीच नवी एफ-३१०. वाजवून पाहिली, वाईट नाही. पण ती नव्हे. लाल लेबलवाली जुनी एफजी-१८० आपल्याकडे कुठे मिळेल? आणि ती खरंच एवढी चांगली होती, की मी मामाला शोधत फिरतोय?

---

कोपरीची_कैरी
रात्री १०:५१

रुमाल टाकून ठेवते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला माहीत आहे, तरी विचारलंत म्हणून +१.

---

एकतारी
रात्री ११:०५

दादा, एफ-३१० घ्या आणि मोकळे व्हा. मी ऐरोलीत मुलांना शिकवतो, वर्गातल्या निम्म्या गिटारी त्याच. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६३४ मिमी, नव्या एफजींच्या ६५० पेक्षा आखूड, बोटं कमी ताणावी लागतात. पन्नाशीतल्या बोटांचं भलंच होईल (हलकेच घ्या). जुनी गिटार म्हणजे जुनी फियाट. फोटोत छान दिसते, रस्त्यावर ढकलायला माणसं लागतात.

---

लाकूडतोड्या
रविवार, ७ जून, सकाळी ८:१७

धाग्याचं नाव बघून चहा बाजूला ठेवला. मी सुतार नाही, नेरूळच्या घरात गॅलरीत दर रविवारी लोकांच्या गिटारी दुरुस्त करतो. घरात त्याला पसारा म्हणतात.

आधी तुमच्या गक्कीचं. जपानीत गक्की म्हणजे वाद्य. निप्पॉन गक्की म्हणजे सरळ 'जपानी वाद्यं'. तोराकुसु यामाहा या माणसाने १८८७ साली हामामात्सूच्या एका शाळेतला बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला, मग स्वतः बनवायला घेतला, आणि १८९७ मध्ये निप्पॉन गक्की ही कंपनी काढली. यामाहा हे कंपनीचं अधिकृत नाव थेट १९८७ ला झालं. म्हणून तुमच्या लेबलवर जुनं नाव.

एफजी म्हणजे फोक गिटार. १९६६ साली दोन निघाल्या, मोठ्या अंगाची १८० आणि लहान अंगाची १५०. नावातला आकडा हा भावच होता. १८० म्हणजे १८,००० येन. लाल लेबल १९७२ च्या आसपास थांबलं, नंतर बरंच काम तैवानला गेलं आणि लेबलांचे रंग बदलत राहिले. 'जुनी यामाहा आहे, विंटेज' असं कुणी सांगितलं तर आधी भोकाच्या आतला फोटो मागा, मग भावाचं बोला.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. एफजी-१८० प्लायवूडची आहे. पाठ, बाजू तर आहेतच, वरची स्प्रूसची फळीसुद्धा.

---

शिसवी
सकाळी ९:४०

हेच लिहायला आलो होतो. प्लायवूडवर एवढा जीव? त्याची आम्ही किचनची कपाटं करतो.

वरची फळी अखंड स्प्रूस, पाठ-बाजू शिसवी, याला गिटार म्हणतात. मार्टिनची डी-२८ घ्या. आधी ती ब्राझीलच्या शिसवीची असायची, १९६९ पासून आपल्याकडच्या शिसवीवर आली. म्हणजे दक्षिणेच्या जंगलातलं लाकूड पेनसिल्वेनियातल्या नाझरेथला जातं आणि गिटार होऊन लाखांच्या भावात आपल्याकडे परत येतं. १९६८ ला बीटल्सचे लेनन आणि मॅकार्टनी ऋषिकेशला आले तेव्हा बरोबर डी-२८ होत्या. घ्यायची तर अशी घ्यावी, नाहीतर तुळशीबागेतली खेळण्यातली घ्यावी.

---

एकतारी
सकाळी ९:५२

शिसवीकाका, तुमची डी-२८ गेल्या पावसाळ्यात कुठे होती तेही लिहा की. नाहीतर मी लिहितो.

---

शिसवी
सकाळी १०:३०

लिहितो, मला काय लपवायचंय.

घोडबंदर रोडला सतराव्या मजल्यावर राहतो. गिटार केससकट बेडरूमच्या भिंतीतल्या कपाटात उभी ठेवली होती. ती भिंत बाहेरची, पश्चिमेची. जुलैत कामामुळे हात लावला नाही. गोकुळाष्टमीला केस उघडली तर आधी वास आला, जुन्या छत्रीसारखा. आतल्या मखमलीवर पांढरट बुरशी. फळी ब्रिजच्या (फळीवर चिकटवलेली, तारा धरणारी पट्टी) मागे फुगलेली, मानेवरच्या बाराव्या फ्रेटच्या पट्टीवर तारा एवढ्या वर की खालून पेन्सिल गेली असती. आणि ब्रिजची मागची कड सुटलेली. व्हिजिटिंग कार्ड घातलं, सरकन आत गेलं. त्या 'सरकन'चा आवाज मला अजून ऐकू येतो.

लाकूडतोड्यांनीच चिकटवून दिली. पण तो दोष गिटारीचा नाही, माझा.

---

लाकूडतोड्या
सकाळी ११:१०

थोडा तुमचा, बराचसा लाकडाचा. अखंड फळी हवेतला दमटपणा पिते आणि रेषांना आडवी फुगते. उभी फारशी वाढत नाही, आडवी वाढते. खाली पट्ट्या चिकटवलेल्या, कडा बांधलेल्या, मग ती जाणार कुठे? वर येते. फळी वर आली की ब्रिज वर, ब्रिज वर की तारा वर. त्यातच या तारा अहोरात्र सत्तर किलोंच्या वर ताण देत असतात. गिटारवाले ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सांगतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऐंशी-नव्वदच्या घरात.

प्लायमध्ये मधला थर आडव्या रेषांचा असतो. वरचा थर फुगायला बघतो, मधला त्याला धरून ठेवतो. म्हणूनच तिचा आवाज अखंड फळीइतका खुलत नाही, आणि म्हणूनच ती वाड्यात कपाटावर वीस-बावीस पावसाळे काढते. शिसवींना जो दोष वाटतो ना, त्याच्याच जिवावर ठाण्यात एखादी एफजी-१८० अजून जिवंत असू शकते. जपानचा उन्हाळाही काही कमी दमट नसतो, बनवणाऱ्यांना याची कल्पना असणारच.

आणि आवाज इतकाही गरीब नाही हं. चढा, कोरडा, सुट्टा आवाज आहे. कॉर्ड मारून गाणाऱ्यासाठी फार छान, गळ्याच्या आड येत नाही. १९६९ ला अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या मंचावर गायक कंट्री जो मॅकडॉनल्ड एकटाच उभा राहिला तेव्हा त्याच्या गळ्यात एफजी-१५० होती, तीही पट्ट्याऐवजी दोरीने बांधलेली. गायक इलियट स्मिथ एफजी-१८० वाजवायचा. या लोकांना कुणी प्लायवूडबद्दल विचारलं नाही.

---

जुना_बोसन
दुपारी २:२५

सीवूड्सहून नमस्कार. तीस वर्षं डेकवर काढली, वाद्यातलं ओ की ठो कळत नाही, पण या गिटारी इकडे कशा आल्या ते सांगू शकतो.

तेव्हा कंटेनर नव्हते. कोबे, योकोहामाला बोट लागली की माल उतरवायला चार-चार दिवस. पोरं गावात. कुणी ट्रान्झिस्टर घ्यायचा, कुणी कॅमेरा, नायलॉनच्या साड्या तर सगळेच. दर महिन्याला हातात डॉलर मोजके. हिशोब सोपा होता : डॉलरला ३६० येन, हा दर १९७१ पर्यंत हलला नाही. १८,००० येन म्हणजे बरोबर ५० डॉलर. डॉलर साडेसात रुपयांचा. म्हणजे नौपाडेकरांच्या मामाने पावणेचारशे रुपये मोजले. कमी वाटतात, तेव्हा पावणेचारशेत महिन्याचं घर चालायचं.

मग कंटेनर आले, बोट सकाळी लागली की रात्री बाहेर. बाजार पाहणंच संपलं. माझ्या बॅचच्या दोघांनी आणलेल्या, एक चेंबूरला होता, दुसरा गोव्याचा. आता कोण कुठे.

---

नौपाडेकर
संध्याकाळी ७:०३

बोसनकाका, पावणेचारशे. आजीने त्याला "पोस्टात टाकले असतेस तर" म्हणून किती वर्षं ऐकवलं होतं, आकडा मात्र कधी सांगितला नाही. आज कळला. आभार.

लाकूडतोड्या, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. समजा मिळाली, तर घेताना काय बघू?

---

लाकूडतोड्या
रात्री ९:३३

एकच गोष्ट जीव लावून बघा, मान. पन्नास-साठ वर्षं तारांनी ओढून ओढून मान अंगाच्या दिशेने झुकते. हे ट्रस रॉडने, म्हणजे मानेच्या आतल्या सळईने, सुटत नाही, रॉड फक्त मानेचा बाक काढतो. लांब स्टीलची पट्टी घ्या, फ्रेटांवर मानेच्या लांबीत ठेवून ब्रिजकडे सरकवा. टोक ब्रिजच्या माथ्याला टेकलं किंवा किंचित वरून गेलं तर आनंद. ब्रिजच्या पोटात आदळलं तर मान गेली. मग ती वाफेने सोडवून परत बसवावी लागते, आणि त्या काळच्या यामाहांचा डिंक सोडता सुटत नाही. मजुरी गिटारीच्या वर जाते.

बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिमी असावं. तीनपर्यंत चालेल. बाकी ओरखडे, चिरा, उडालेलं पॉलिश, सगळं माफ.

कुठे मिळेल : दुकानात नाही. जुन्या इमारती रिकाम्या होतात तेव्हा, आणि कुणाच्या तरी माळ्यावर. जपानच्या लिलावांवरून मागवता येते, पण भाडं आणि ड्युटी धरून हिशोब करा, शिवाय मान तपासायला तुम्ही तिथे नसणार. नवीनच हवी असेल तर यामाहाने २०१९ मध्ये लाल लेबल परत आणलं, एफजी३ आणि जपानात बनणारी एफजी५. ऐकायला सुरेख. फक्त त्या पूर्ण अखंड लाकडाच्या आहेत, म्हणजे शिसवींच्या कपाटात ठेवू नका. धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये फोन करून विचारा, १८६५ पासून दुकान आहे, मागवून देतात का ते तरी कळेल.

---

गवती_चहा
सोमवार, ८ जून, दुपारी १२:५०

मी फक्त वाचत होते. सासऱ्यांची एक गिटार आमच्याकडे कोपरखैरण्यात पोटमाळ्यावर आहे. काल रात्री सगळे झोपल्यावर नवऱ्याला स्टुलावर चढवलं. भोकात मोबाईलचा टॉर्च मारला. लाल कागद. एफजी-१८०. आता?

---

कोपरीची_कैरी
दुपारी १२:५४

अगं बाई! पॉपकॉर्न घेऊन बसले.

---

नौपाडेकर
दुपारी १:०२

ताई, भोकाच्या खालच्या काठाला पॉलिश उडालेलं आहे का? आधी तेवढंच सांगा.

---

गवती_चहा
दुपारी १:३०

नाही हो. तिथे अगदी स्वच्छ आहे, चकाकतंय. उलट भोक आणि मानेच्या टोकाच्या मध्ये सगळे बारीक ओरखडे, आडवे. तुमच्या मामांची नाही ही. बाबांनी १९७८ ला चोरबाजारातून घेतली म्हणतात.

स्टीलची पट्टी मुलीच्या कंपासातली पंधरा सेंटीमीटरची होती, ती पुरेना. तारांची उंची मोजली, बाराव्या फ्रेटवर जवळजवळ नऊ मिमी. मान गेली ना?

---

लाकूडतोड्या
दुपारी १:४५

नऊ? मानेने एवढं होत नाही. पहिल्या फ्रेटवर किती आहे? आणि मानेच्या वरच्या टोकाचा, तारा जिथून खाली उतरतात तिथला फोटो टाका.

---

गवती_चहा
दुपारी २:१०

पहिल्या फ्रेटवरही तेवढंच, आठ-साडेआठ. फोटो टाकलाय. तिथे तारांखाली एक लोखंडी पट्टी अडकवलेली आहे, गंजकी.

---

लाकूडतोड्या
दुपारी २:१४

हाहाहा. ताई, तुमचे सासरे हवाईयन वाजवायचे!

ती पट्टी नटवर, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात तिथे, बसवतात, तारा मुद्दाम उंच करायला. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात स्टीलचा गज, तो तारांवरून सरकवायचा. फ्रेट दाबायचेच नसतात. साठ-सत्तरच्या दशकात आपल्याकडे ऑर्केस्ट्रात गाण्याची चाल धरायला हवाईयन असायचीच. ते आडवे ओरखडेही त्याचेच असणार, बोटात नख्या घालून तिथे छेडत असतील. म्हणजे मानेचा अजून निकाल लागलेला नाही. पट्टी काढून, तारा ढिल्या करून परत लावल्यावर खरं कळेल.

---

गवती_चहा
दुपारी ३:४०

बाबांना विचारलं. पंधरा वर्षांत सुनेशी कधी गिटारीबद्दल बोलले नव्हते, आज पाऊण तास बोलले. गज देवघराच्या खणात, वातींच्या डब्यात निघाला. मी इतकी वर्षं तो दाराचा बोल्ट समजत होते.

विकायची आहे का असं विचारलं तर चष्मा पुसत बसले. म्हणाले, त्या ठाण्याच्या माणसाला बघायला तर बोलाव.

---

नौपाडेकर
रविवार, १४ जून, रात्री ९:२०

वृत्तांत.

दुपारच्या ट्रान्स-हार्बरने कोपरखैरणे. लाकूडतोड्या नेरूळहून हत्यारांची पिशवी घेऊन स्टेशनवर हजर. गवती_चहाताईंकडे थालीपीठ, दही, आणि हॉलमध्ये पंख्याखाली चादरीवर गिटार. मी आधी भोकात डोकावलो. लेबल कोपऱ्यात सुटलंय, लाल रंग विटकरी झालाय, पण तेच.

काकांनी आधी स्वतः वाजवली. पट्टी तशीच, गज हातात, मांडीवर उशी. हात कापतो, त्यामुळे सूर जरा जास्तच डोलत होते, पण गाणं कुठलं ते पहिल्या ओळीत कळलं. नात मोबाईल खाली ठेवून ऐकत होती.

मग लाकूडतोड्यांनी त्यांची परवानगी घेऊन पट्टी काढली, जुन्या तारा उतरवून १० ते ४७ जाडीच्या हलक्या चढवल्या, तासभर स्थिर होऊ दिल्या. लांब स्टीलची पट्टी ब्रिजच्या माथ्याच्या जेमतेम मिलिमीटर खाली गेली. बाराव्या फ्रेटवर तीन. "ब्रिजवरचं, तारा टेकतात ते सॅडल थोडं घासलं की झालं, मानेला हात लावायचा नाही," असं लाकूडतोड्या म्हणाले आणि दुसरं थालीपीठ घेतलं.

मी जी मेजर कॉर्ड धरला. खरं सांगतो, मला आठवत होता तो आवाज हा नव्हता. माझ्या आठवणीतला जाड होता, घुमणारा. हा पातळ, चढा, टणटणीत. कदाचित वाड्याच्या दोन खोल्याच तेव्हा घुमत असतील, किंवा माझे कान लहान असतील. पण दहा मिनिटांनी हात तिथून निघेना. एफ-३१० च्या बाबतीत असं झालं नव्हतं. शिसवी, तुमची डी-२८ मी वाजवलेली नाही, त्यामुळे वाद घालत नाही.

काका म्हणाले, विकायची नाही. मला अंदाज होता. पण निघताना दारात म्हणाले, "आमच्या पोटमाळ्याच्या भिंतीला पावसात ओल येते. इतकी वर्षं टिकली, पण आता कळलंय तर तिथे ठेववत नाही. गणपतीपर्यंत तुमच्याकडे ठेवा. वाजवत राहा. येताना पट्टी मात्र आठवणीने परत लावून आणा." पट्टी त्यांनी स्वतः रुमालात गुंडाळून केसच्या खिशात घातली.

गिटार सध्या सोफ्यावर आहे. घरात आर्द्रता ७८ टक्के दाखवतंय. कुठे ठेवू?

---

शिसवी
रात्री ९:३१

बाहेरच्या भिंतीपासून लांब. माझ्या पैशाने शिकलेला धडा आहे, फुकट घ्या.

---

एकतारी
रात्री ९:३८

काका हवाईयन शिकवतील का? गंमत नाही, खरंच विचारतोय. माझ्या वर्गात एकालाही येत नाही, मलाही नाही.

---

गवती_चहा
रात्री ९:५५

एकतारी, विचारलं. "रविवारी सकाळी ये म्हणावं, नख्या घेऊन" असा निरोप आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते. दुसरा निरोप नौपाडेकरांना : लोकलमध्ये कुणाचा धक्का लागला नाही ना?

---

लाकूडतोड्या
रात्री १०:०२

नौपाडेकर, घराच्या आतल्या भिंतीला लागून असलेलं कपाट बघा, स्वयंपाकघर आणि बाथरूमपासून दूर. त्याच्या वर, केसमध्ये, आडवी. केसमध्ये सिलिका जेलच्या चार पुड्या, दर पंधरवड्याला बदला. आणि आठवड्यातून तीनदा तरी खाली काढून वाजवा. उघडझाप होत राहिली की बुरशी धरत नाही.

---

नौपाडेकर
रात्री १०:२०

काकांना सांगा, दारापाशी उभा राहून मिठीत धरून आणली, धक्का लागू दिला नाही.

आतल्या भिंतीचं कपाट एकच आहे, आईच्या खोलीतलं. ती वर बघून म्हणाली, "परत आणलीस होय रे." मी सांगितलं, ही ती नाही. तर म्हणे, ठेव ठेव, पण स्टूल जागेवर ठेवून ये.